रिकाम्या घरातली किटली

मुळा आणायला गेले आणि किटली घेऊन आले. कोदाइरा स्टेशनबाहेर आमचा नेहमीचा भाजीवाला आहे, त्याच्या दुकानाला लागून ती नाणं टाकायची यंत्रं उभी आहेत. नाणं टाकायचं, खटका फिरवायचा, खाली प्लास्टिकचा गोळा पडतो आणि त्यात एखादं चिमुकलं खेळणं निघतं. इतकी वर्षं मी तिथून जाते-येते, पण त्यांच्याकडे कधी मान वळवून बघितलं नव्हतं. त्या दिवशी शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली तिथं उकिडव्या बसल्या होत्या आणि एक जण ओरडली, "अय्या, परत किटली! पण कसली गोड आहे गं, वाफपण आहे हिला." मी बघितलं. तिच्या तळहातावर अंगठ्याएवढी जस्ती रंगाची किटली होती, ढेरपोटी, वरती कापसासारखी वाफ चिकटवलेली, आणि चोचीच्या उजव्या अंगाला पोचा. नेमका तिथंच पोचा. पर्समधून नाणं काढून मी यंत्रात टाकलं तेव्हा भाजीवाला हसत होता, "काय आरिमुराबाई, नातवंडं आलीयत का?" मी म्हटलं, "नातवंडं कसली, म्हातारचळ लागलाय." माझ्या गोळ्यात बोटीचा मिशाळ कप्तान निघाला. त्या मुलीचा चेहरा उजळला. "आजी, बदलून घ्यायचा? मला कप्तानच हवा होता. किटल्या माझ्याकडे ढीगभर झाल्यात." मी किटली घेतली. यंत्रावर जाहिरात चिकटवलेली होती. 'मिओचं बेट' या ॲनिमेशन चित्रपटाला चाळीस वर्षं झाली म्हणून नगरसभागृहात कार्यक्रम होता, दिग्दर्शक त्सुकुदा स्वतः येणार होते, आणि व्याख्यानाचा विषय होता, रिकाम्या घरातली किटली: एका प्रतीकाचा शोध. मुळा घ्यायचा राहूनच गेला.

घरी कुनिहिको, म्हणजे आमचे हे, खिडकीपाशी बसून होते. छातीत दम भरतो, त्यामुळे हल्ली त्यांचं जग म्हणजे खिडकी, खाट आणि टेलिफोनचा स्टूल. मी काही न बोलता किटली त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी भिंग काढलं, किटली फिरवून फिरवून बघितली, आणि अख्ख्या वर्षात ऐकला नव्हता असा हलका आवाज काढून म्हणाले, "पोचा उजवीकडे आहे. बरोबर काढलाय. विसरले नाहीत गं." मी म्हटलं, "अहो, प्लास्टिकचं आहे ते. साच्यात ओतून पोतीच्या पोती काढतात. यात विसरायचं काय आणि आठवायचं काय?" पण माझ्या बोलण्याकडे लक्ष देतील तर ते आमचे हे कसले! त्यांनी ती किटली टेलिफोनच्या स्टुलावर, रिसीव्हरच्या शेजारी ठेवली, सरळ केली, पुन्हा थोडी तिरकी केली, पोचा दिसेल अशी. मला असा संताप आला की मी आत जाऊन विनाकारण तांदूळ धुतले. त्या स्टुलावर गेली चाळीस वर्षं मी दर आठवड्याला फडकं मारते, आणि दर वेळी मनात म्हणते, एक दिवस हा टेलिफोन उचलून कचऱ्यात टाकीन. टाकला मात्र नाही.

खरी किटली अजून आमच्या गॅसवर आहे. माझ्या माहेरची, ॲल्युमिनियमची, जत्रेत चहा वाटायला असते तसली मोठी. हे ज्या स्टुडिओत चित्रं काढायचे तिथं संप झाला त्या उन्हाळ्यात मी तिच्यातून सातूचा गार चहा भरून फाटकावर न्यायची. मीही आधी तिथंच रंग भरायला होते, पण चिनात्सु पोटात होती म्हणून काम सोडलेलं. माझं हे एवढं पोट आणि हातात ती ढेरपोटी किटली बघून त्सुकुदा लांबूनच ओरडायचा, "सरका, सरका, दोन किटल्या आल्या!" तो आणि आमचे हे एकाच वर्षी स्टुडिओत लागले, शेजारच्या टेबलांना बसले, एकाच्या पेन्सिली दुसऱ्याने चोरल्या. आमच्या लग्नात त्याने नशेत गाणं म्हटलं होतं आणि नंतर माझ्या वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस मालकाने भाड्याचे धटिंगण आणले. त्यांच्यातल्या एकाने लाथ घातली ती माणसाला लागायची ती किटलीला लागली. चहा सगळा ह्यांच्या पँटवर. आणि त्या गोंधळात, डोकी फुटायची वेळ आलेली असताना त्सुकुदा म्हणाला, "अरे कुनि, एवढ्यात घाबरलास होय?" सगळे इतके हसले, की धटिंगणांनासुद्धा काय करावं कळेना. पोचा ह्यांनी पळीच्या दांड्याने आतून ठोकून काढायचा प्रयत्न केला, पण तो काही निघाला नाही. किटली घासताना माझा अंगठा अजून आपोआप त्या खळग्यात जाऊन बसतो.

संप मिटला, सगळे कामावर गेले, 'मिओचं बेट' सुरू झालं. पहिलाच प्रसंग ह्यांना मिळाला. बेटावर आजी चुलीवर किटली ठेवते, वाफ येते, आणि मिओ झोपेतून उठते. एवढाच. घरी आणून दाखवायचे मला कच्ची चित्रं, बाळंतिणीच्या खोलीत. मी म्हटलं, "अहो, ही तर आपली किटली. पोच्यासकट!" तर डोळे मिचकावून म्हणाले, "मालकाला कळणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल." बाळाला थोपटता थोपटता आम्ही दोघं किती हसलो होतो. मग नोटिसा आल्या. युनियनचे जेवढे होते तेवढे गेले. त्सुकुदाला नोटीस आली नाही. त्याने आठवडाभर आधीच युनियन सोडली होती, हे आम्हाला फाटकावरच्या पहारेकऱ्याकडून कळलं. त्याला गुपचूप ह्यांच्या जागी बसवलं, आणि पुढे वरचा दिग्दर्शक आजारी पडल्यावर सगळा चित्रपटच त्याच्या हातात आला. हे त्याच्या घरी गेले नाहीत. तो आमच्याकडे आला नाही. एकाच शहरात, सायकलवरून वीस मिनिटांच्या अंतरावर, दोन जिवाभावाचे मित्र मूग गिळून बसले.

चित्रपट लागला तेव्हा आम्ही ताचिकावाला जाऊन बघितला, चिनात्सुला पाठीवर बांधून. पाट्यांवर ह्यांचं नाव नव्हतं. ते नसणार हे ठाऊक होतं तरी मी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत राहिले. पहिला प्रसंग आला, आजीची किटली उकळली, ह्यांनी श्वास सोडला. मला वाटलं, संपलं आता ह्यांचं काम. पण पुढे मिओ आईला शोधायला बोटीतून निघते, तर बोटीच्या केबिनमध्ये तीच किटली. शाळेच्या शिपायाच्या खोलीत तीच. बर्फातल्या स्टेशनवर, विसाव्याच्या खोलीत तीच, तोच पोचा. आणि शेवटी, बेटावरची सगळी माणसं निघून गेल्यावर, मिओ परत येते तेव्हा घर रिकामं, चूल विझलेली, चटया उचललेल्या, आणि खिडकीत किटली. तिच्यातून वाफ येते आहे. विस्तव नाही, माणूस नाही, आणि वाफ येते आहे. थिएटरात बायका हुंदके देत होत्या. ह्यांनी माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते. "बघितलंस? मी एकदाच काढली होती. बाकी त्याने घातली. तो मला सांगतोय." मी विचारलं, "काय सांगतोय?" तर म्हणाले, "जागा ठेवलीय म्हणून सांगतोय. प्रकरण थंड झालं की बोलावणार." बाहेर आल्यावर त्यांनी गरम शेवया मागवल्या, दोन वाडगे संपवले, आणि पोरीला खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत शीळ वाजवत आले. त्या संध्याकाळी माझाही विश्वास बसला होता. न बसायला काय झालं, सव्वीस वर्षांची होते मी.

त्या एका वाफेवर माणूस चाळीस वर्षं जगला. कुणाला सांगून खरं वाटेल? दुसऱ्या स्टुडिओची माणसं दोनदा घरी आली, हातात फळांची टोपली घेऊन. ह्यांनी त्यांना चहा पाजला, आदराने वाकले, आणि कायमची नोकरी नको म्हणाले. तिकडे अडकलो आणि इकडून बोलावणं आलं तर? मग बाजारातल्या दुकानांच्या जाहिरातींसाठी हे माशांची चित्रं काढायचे, बांगडे, खेकडे, स्वस्त दरातल्या कोळंब्या. सुंदर काढायचे, मेलेला बांगडा तुमच्याकडे बघतोय असं वाटावं इतके. आणि मी जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात भातावर लाल लोणच्याचा एकेक गोळा ठेवत आयुष्य काढलं. चिनात्सु मोठी झाली, सेंदाईला गेली, तिथं लग्न केलं. तिच्या घरातली खालची खोली रिकामी आहे, दमेकऱ्याला तिकडची हवा चांगली. किती वर्षं विनवतेय, "बाबा, या ना इकडे." ह्यांचं ठरलेलं उत्तर, "तिकडे आलो तर टेलिफोनचा नंबर बदलेल." पहिल्यांदा चिनात्सु हसली. मग भांडली. मग एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, तू तरी ये." मी गेले नाही. का गेले नाही, हा प्रश्न मी स्वतःला फार खोदून विचारत नाही. आणि दर उन्हाळ्यात टीव्हीवर तो चित्रपट लागायचा. हे समोर बसायचे, शेवटची किटली यायची, आणि ह्यांची मान हळूच टेलिफोनकडे वळायची. मला त्या मानेची घृणा यायची. मायाही यायची, पण घृणा आधी यायची.

जाहिरातीची गोष्ट मी सांगणारच नव्हते, पण तोंडातून निघून गेली. ह्यांनी भिंग पुसून ठेवलं. मग म्हणाले, "तू जा. मी आलो तर मागायला आलो असं त्याला वाटेल." मी म्हटलं, "आणि मी गेले तर काय वाटेल, ओवाळायला आले?" "तू त्याला एकच विचार, किटली कुणासाठी होती? बास, बाकी काही बोलू नकोस. तुझ्या जिभेचा भरवसा नाही." असं म्हणून हसले, खोकले, आणि खोकता खोकता त्यांनी हात जोडले. लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्या माणसाने मला कधी हात जोडले नव्हते. मी म्हटलं, "नाटकं पुरेत. जाते." चांगला किमोनो काढला, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, तो परत ठेवला आणि साधा करडा कोट घालून गेले.

सभागृह खच्चून भरलं होतं. सगळी तरुण पोरं, कुणाच्या पिशवीला, कुणाच्या फोनला किटली लटकलेली. मंचावर हिरोसे नावाची एक प्राध्यापकबाई होती, चुणचुणीत, बोलता बोलता दोन्ही हातांनी हवेत किटली काढायची. ती म्हणाली, किटली म्हणजे न दिसणारी आई. मग म्हणाली, किटली म्हणजे युद्धानंतर विस्कटलेलं घर. मग पोच्याकडे वळली. पोचा म्हणजे इतिहासाने या देशाच्या देहावर केलेला घाव. मी मनात म्हटलं, घाव कसला बाई, कोबे बंदरातून आणलेल्या एका गुंडाचा बूट होता तो, आणि चहा सांडला पँटवर. पण तिचा राग नाही आला. मन लावून बघितलं होतं पोरीने. चित्रपट बघून रडलेली होती. खरं म्हणजे ती आणि आमचे हे एकाच वर्गातले विद्यार्थी, तिला किटलीत देश दिसला, ह्यांना नोकरी. मी तिचं बोलणं ऐकत होते आणि बघत होते त्सुकुदाकडे. म्हातारा झाला होता. केस पांढरे, गळ्यात रेशमी रुमाल, हात मात्र तेच, सारखे काहीतरी कुरतडणारे. शेवटी बाईंनी त्सुकुदाला आदराने विचारलं, "सेन्सेई, चाळीस वर्षं लोक एकच प्रश्न विचारताहेत. रिकाम्या घरात, विस्तव नसताना, किटलीतून वाफ का येते?" सगळं सभागृह पुढे झुकलं. मीसुद्धा झुकले.

त्सुकुदाने माइक जवळ घेतला. "सांगू? निराश व्हाल." लोक हसले. "तेव्हा चित्रं पारदर्शक तावांवर काढायचो, एकावर एक ठेवून फोटो घ्यायचो. फार ताव चढवले की खालचे रंग मळकट दिसतात. म्हणून ज्याने ती किटली काढली त्याने किटली आणि वाफ एकाच तावावर काढली होती. पुढे आमच्याकडे वेळ नव्हता, माणसं नव्हती. चित्रपट अर्धा बाकी आणि हातात तयार ताव पडलेले. जिथं जागा रिकामी दिसेल तिथं ती किटली ठेवून दिली. शेवटच्या घरातही तीच ठेवली. वाफ वेगळी करता येईना. म्हणून उकळली बिचारी." आणि असा हशा, असा टाळ्यांचा कडकडाट! काय साधेपणा, काय नम्रपणा! हिरोसेबाई डोळे पुसत होती. माझ्या शेजारचा पोरगा म्हणाला, "ग्रेट माणूस!" ज्याने ती किटली काढली त्याने. एवढंच. त्याला नाव नव्हतं. आणि माणसं नव्हती म्हणे. कुठं गेली होती रे माणसं? पण त्याहूनही एक गोष्ट माझ्या डोक्यात हळूहळू उतरत होती, थंड पाणी बुटात उतरावं तशी. एकाच तावावर वाफ काढली होती कुणी? आमच्या ह्यांनी. म्हणजे ताचिकावाच्या त्या थिएटरात, पहिल्याच दिवशी, आपला ताव, आपली रेघ ह्यांनी ओळखली नसेल? आपले ताव पुन्हा वापरलेत, कुणी नव्याने काही काढलेलं नाही, हे शेंबड्या शिकाऊ पोरालाही कळलं असतं. आणि ह्यांना कळलं नाही? कळलं होतं. कळल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

मी उठून निघाले. प्रश्न विचारायचा राहिला तर राहू दे. पण मागच्या दारापाशी पायऱ्या चढायला वेळ लागला आणि तेवढ्यात मागून हाक आली, "वहिनी!" त्या हाकेने चाळीस वर्षं कुठल्या कुठं गेली. त्सुकुदा धापा टाकत आला होता, त्याच्यामागे एक मदतनीस मुलगी, तिला त्याने हाताने परत पाठवलं. "मंचावरूनच ओळखलं तुम्हाला. कुनि कसा आहे?" मी म्हटलं, "आहे. दम्याने बेजार आहे. तुमची खेळण्यातली किटली बघून खूश आहे." तो रुमाल सैल करत राहिला. मी म्हटलं, "मला एकच प्रश्न विचारायला पाठवलंय. किटली कुणासाठी होती? पण उत्तर मिळालं आत. सगळ्यांदेखत मिळालं." त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं हा आता पडतो. मग तो वाकला. अर्धा नाही, पूर्ण, कमरेतून, म्हाताऱ्याने वाकू नये इतका, आणि तसाच वाकून बोलला. "आत काय सांगणार होतो वहिनी? संप सांगू, गुंड सांगू, मी युनियन सोडली ते सांगू? म्हणून तावांची गोष्ट सांगतो दर वेळी. लोकांना आवडते. पण किटली कुठं ठेवायची ते मी ठरवलं. बोटीत नसती तरी चाललं असतं. स्टेशनवर नसती तरी चाललं असतं. आणि शेवटची? बिनवाफेची किटली काढायला मला किती वेळ लागला असता? एक चित्र. चहा पिता पिता झालं असतं. मी वाफ राहू दिली. त्याने बघावं म्हणून राहू दिली. दुसऱ्या कुणासाठी नव्हती ती."

मी त्याच्या विरळ केसांमधून दिसणाऱ्या टाळूकडे बघत होते. खरं बोलत होता की काय, कसं सांगू? चित्रपटवाल्याला रडायला किती वेळ लागतो. पण त्याच्या हातांकडे बघितलं आणि मला वाटलं, खरं आहे. निदान आज, आता, त्याला ते खरं वाटतंय. "उठा," मी म्हटलं, "कंबर धरेल." तो उठला, डोळे पुसले, आणि म्हणाला, "त्याला सांगाल ना?" वाटलं विचारावं, तुझ्या तोंडाला काय झालंय? पण म्हणाले, "सांगते." ह्यांनी बजावलं होतं ना, जिभेचा भरवसा नाही म्हणून.

बसमध्ये मी दोन्ही उत्तरं मांडीवर घेऊन बसले. एक सांगितलं तर ह्या माणसाचं आयुष्य एका उरलेल्या तावावर गेलं असं होतं. दुसरं सांगितलं तर निदान कुणीतरी त्याची आठवण काढत होतं. पहिलं त्यांना ठाऊकच असणार, मग ते परत तोंडावर मारून काय मिळवायचं? इतकी वर्षं मी ह्यांना मनातल्या मनात मूर्ख म्हटलं होतं. मूर्ख नव्हते. आपलेच ताव आहेत हे ठाऊक असून त्यांनी स्वतःला दुसरं काहीतरी सांगितलं होतं, आणि ते खोटं ठरू नये म्हणून टेलिफोनपाशी बसून राहिले होते. आणि आता त्यांचंच खरं होतं! मला एकदम हसू आलं. समोरची बाई बघायला लागली. उतरल्यावर मी भाजीवाल्याकडे गेले, मुळा घेतला, आणि पुढे मासेवाल्याकडून चांगला ताजा ट्यूना घेतला, आमच्याकडे सणालाच येतो तो. वाटलं, आज ह्यांना पोटभर जेवू घालावं. आज तरी ह्या माणसाला सांगावं की तू बरोबर होतास.

हे दाराकडे तोंड करून बसले होते. गॅसवर किटली ठेवलेली होती, मी आले की चहा हवा म्हणून. दम लागत असताना उठून स्वयंपाकघरात जाऊन ठेवली होती. दाढी केली होती. मी कोटसुद्धा काढला नाही, त्यांच्यासमोर टेकले आणि सांगितलं. तावांचं नाही सांगितलं. टाळ्यांचं नाही सांगितलं. "भेटला. कमरेतून वाकला. म्हणाला, तुमच्यासाठीच होती. दर ठिकाणी मुद्दाम ठेवली. शेवटची वाफपण मुद्दाम राहू दिली, तुम्ही बघावी म्हणून. दुसऱ्या कुणासाठी नव्हती म्हणाला."

मला वाटलं होतं रडतील. किंवा म्हणतील, बघ, मी सांगत नव्हतो? ते वाक्य ऐकायची तयारी मी बसमध्येच करून ठेवली होती, उत्तरसुद्धा ठरवलं होतं, हो बाबा, जिंकलात. पण त्यातलं काहीच झालं नाही. ओठ हलले, हसण्यासारखे, मग तेही थांबलं. भिंग घेऊन प्लास्टिकची किटली बघितली, भिंग खाली ठेवलं. स्वयंपाकघरात झाकण थडथडायला लागलं होतं. त्यांनी विचारलं, "वाकला?" मी म्हटलं, "वाकला." "म्हणजे त्याला आठवण होती. पहिल्यापासून." "पहिल्यापासून." ते माझ्याकडे बघत होते, पण मला वाटतं मी त्यांना दिसत नव्हते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर वाट बघणं नव्हतं, आणि ते गेल्यावर खाली काही उरलंच नव्हतं, नुसता एक म्हातारा माणूस उरला होता. मला कळलं मी काय केलं ते, पण बोललेला शब्द परत घेता येत नाही.

"मग फोन का नाही केला?" ते म्हणाले. रागाने नाही. खरंच विचारत होते, लहान मूल विचारतं तसं, मला उत्तर ठाऊक असेल असं समजून. मी काहीतरी बोलायला हवं होतं. जिच्या जिभेला हाड नाही असं सगळी वसाहत म्हणते तिला एवढंच सुचलं. मी म्हटलं, "नंबर हरवला असेल हो त्याच्याकडून."

त्यांनी स्टुलाकडे हात लांब केला, प्लास्टिकची किटली उचलून खाली जमिनीवर ठेवली, आणि रिसीव्हरवरून बोट फिरवलं, धूळ आहे का बघितल्यासारखं.

"नंबर तर आपण बदलला नाही गं," ते म्हणाले. "एकदाही नाही."